चार तिरक्या रेघा

लालबाग, मुंबई १२
१० जानेवारी १९६०

प्रिय पद्मजाताई,
आनंदाचा नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं आणि उत्तर लिहायला मी संक्रांतीच्या तोंडावर बसलोय. तेव्हा आधी काय त्या शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. कारण विचारशील तर धड एकही नाही. कागद आणला, त्यावर आमच्या बुधाजीने बँडच्या सुपाऱ्या लिहून ठेवल्या. दुसरा आणला, तर शाई संपली. शाई आणायला निघालो तो वाटेत वरळी कोळीवाड्यातला एक दोस्त भेटला. म्हणाला, होडी रंगवायचीय, येतोस का? गेलो. होडीवर नाव काढायचं काम माझ्याकडे आलं, जेवायला रोज ताजं म्हावरं, आणि शाई राहिली ती राहिलीच.

आता मुद्द्यावर येतो. तू गेलीस लायब्ररीचं शास्त्र शिकायला आणि जाऊन बसतेस जॅझच्या वर्गात, हे वाचून मी पाकीट उलटं करून पाहिलं, अक्षर तुझंच आहे ना म्हणून. मला वाटायचं जॅझ म्हणजे कुलाब्याच्या हॉटेलात साहेबलोक नाचतात ते. त्याचं व्याकरण असतं, ते युनिव्हर्सिटीत शिकवतात, परीक्षा पण घेतात, हे मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपल्याला पदवी कधी देणार विचार." मास्तर म्हणजे गुणाजी मास्तर, आमच्या बँडचे मालक. पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवून आलेत. आमच्यात विलायती नोटेशन वाचता येतं ते त्यांना. मला त्यांनीच थोडंफार शिकवलं, बाकीच्यांनाही शिकवतात, पण आमचं सगळं अडखळत.

नानामामांना तुझं हे कळलं तर काय, याची मलाच धास्ती. मी बँडमध्ये कॉर्नेट फुंकायला लागलो तेव्हा ते काय म्हणाले होते, आठवतं ना? "माझा भाचा लोकांच्या वरातीपुढे चालतो हे गिरगावात कळता कामा नये." तेव्हापासून त्यांनी लालबागेत पाय ठेवलेला नाही. भाऊबीजेला आईच निरांजन घेऊन तुमच्याकडे जाते. आणि आता त्यांची स्वतःची लेक. तू काळजी करू नकोस, माझ्या पोटात राहील.

तू मागितलेली गौरीच्या गाण्याची चाल सोबत आहे. आईला म्हटलं, सावकाश म्हण, मी सरगम लिहून घेतो. लिहिली. खात्रीसाठी परत म्हणायला लावली, तर तिसऱ्या ओळीत बाई भलतीकडेच. म्हटलं, मघाशी अशी नव्हती. तर म्हणते, "ता गाणा काय पोस्टाचा तिकीट आसा? दर येळाक तसाच कित्याक होया?" म्हणून तीनदा लिहिली, तिन्ही पाठवतोय. दुसऱ्या ओळीतल्या गंधारावर फुली मारलीय, कारण तो कोमल पण नाही आणि शुद्ध पण नाही. मास्तरांच्या पेटीवर शोधला, सापडला नाही.

तुझा,
आनंदा

*

अमेरिका
२६ जानेवारी १९६०

चि. आनंदास,
अनेक आशीर्वाद.

शिव्या मनातल्या मनात दिल्या. पण पाकिटातून तीन-तीन चाली निघाल्या आणि सगळं माफ केलं. आत्याला सांग, तिच्या त्या न सापडणाऱ्या गंधारावर इथे आमचा अख्खा तास गेला. इथल्या लोकांच्या गाण्यात अगदी तोच सूर आहे. पियानोवर तो त्यांनाही सापडत नाही.

तुला नीट सांगते, म्हणजे उगाच काही कल्पना करून घेणार नाहीस. आमचे प्रोफेसर ओल्सन दोन विषय शिकवतात. एक अरेंजिंग, म्हणजे एकाच चालीचे सूर दहा-बारा वाद्यांत वाटून देणं. मला ते पटकन जमलं. आपल्या चाळीतल्या खोलीसारखं आहे ते. माणसं दहा, जागा एवढीशी, तेव्हा कोणी पोटमाळ्यावर झोपायचं, कोणी दाराशी, आणि कोणाचा पाय कोणाला लागता कामा नये. क्लॅरोनेट पोटमाळ्यावर, ट्रोंबोन जमिनीवर. वर्गात मी एकटीच मुलगी, पण या कामात पहिली.

दुसरा विषय इम्प्रोव्हायझेशन. जागच्या जागी, मनाने वाजवायचं. तिथे माझं सगळं अडतं. मी काय करते सांगू? वसतिगृहात बसून "मनाने" वाजवायचं आदल्या दिवशी लिहून काढते आणि पाठ करून जाते. परवा ओल्सननी मला तेच पुन्हा वाजवायला सांगितलं. मी जसंच्या तसं वाजवलं. वर्ग हसला. ते हसले नाहीत. म्हणाले, "तू पुस्तकं सुंदर लावून ठेवतेस, पण ती वाचतंय कोण?"

मे महिन्यात आमची मैफल आहे. त्यात माझी एक रचना वाजणार. ती त्यांना पटली, तर लायब्ररी सोडून दोन वर्षं संगीत शिकायला मला रीतसर प्रवेश. नाही पटली, तर परत कार्डांचे खण. आनंदा, मला हे हवंय. इतकं हवंसं मला आजवर काही वाटलं नव्हतं. पण बॅलार्ड पिअरवर निघताना मी नानांना शब्द दिला होता की तुम्हाला विचारल्याशिवाय काही वेगळं करणार नाही. प्रवेश मिळाला तरी ते हो म्हणाल्याशिवाय मी विषय बदलणार नाही. निकाल हातात आला की मीच त्यांना लिहीन. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस.

आत्याच्या चालीवर रचना करतेय. झाली की तुमच्या बँडच्या वाद्यांपुरती वेगळी लिहून पाठवते. वाजवून बघा आणि कुठे अडतं ते कळवा. इथली मुलं कागदावर असेल ते सगळं वाजवतात. मला कळतच नाही, चांगलं लिहिलंय की नुसतं बरोबर.

पद्मजा

*

लालबाग
६ मार्च १९६०

प्रिय ताई,
नमस्कार.

तुझं भलंमोठं पाकीट पोचलं. या वेळी मी लगेच लिहितोय, कारण घडलंच तसं. खरं म्हणजे मधे चार दिवस हिंदमाताजवळ कापडाच्या दुकानात गेले. बँडला नवे कोट शिवायचेत. मास्तरांना लाल हवा, बुधाजीला निळा. महाराष्ट्र झाला की सुपाऱ्यांचा पाऊस पडणार आणि जुन्या कोटांना बटणं नाहीत. अजून रंग ठरलेला नाही. ते जाऊ दे.

आज दुपारी बँडच्या खोलीत सगळे जमलो. खोली तुला ठाऊक नाही. कोळशाच्या वखारीवर, अंधारा जिना. मास्तरांनी चष्मा चढवला, कागद वाटले. कोंडीराम युफोनियमवर, मी कॉर्नेट, बुधाजी साइड ड्रम. सुरुवात अशी काही झाली ताई, की दुसऱ्याच ओळीला आई शेजारच्या गॅलरीतून ओरडली, "मेल्यानु, ह्या तर माझा गाणा!"

मग त्या रेघा आल्या. नोटेशनच्या एकेका घरात चार-चार तिरक्या रेघा, सूर एकही नाही, वर इंग्रजी अक्षरं. मास्तर थांबले. "ही काय भानगड?"

मी म्हटलं, "ताईने लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच."

कोंडीराम वाकून बघत म्हणाला, "पावलं दिसतायत."

मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "बरोब्बर. घरात चार पावलं. पोरगी हुशार आहे हां. वरात पुढे सरकायची जागा दाखवलीय."

वरातीत कसं असतं, आम्ही नाक्यावर उभे राहून एक चीज वाजवतो. मग बाजा बंद, नुसता ड्रम, आणि वरात चालायला लागते. मास्तरांनी हात वर केला की पुन्हा उभे, पुन्हा बाजा. हे आमच्या अंगातच मुरलंय.

"मग वरची अक्षरं?" मी विचारलं.

"वळणं असतील. अमेरिकेत गल्ल्यांना अक्षरं देतात म्हणे."

झालं. बुधाजीने ड्रम गळ्यात टाकला आणि आम्ही निघालो. पण रेघा संपेचनात. खोली संपली, गॅलरी संपली. बुधाजी पुढे, तो जिन्याने सरळ खाली, त्याच्यामागे आम्ही, वखारीच्या दारातून गल्लीत. नेमकी गिरणीची पाळी सुटलेली. लोक थांबले. मालनबाईंनी भाजीची पाटी बाजूला ओढून वाट दिली. मास्तर मनात पावलं मोजत होते, त्यांनी हात वर केला. उभे राहिलो. आणि बघतो तर कागद सगळे वर खोलीत.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी कोंडीरामकडे. लोक वाट बघतायत. म्हटलं होईल ते होईल. आईने दुसऱ्यांदा म्हटली होती तशी चाल उचलली. तिथून जरा भटकलो, सुरांच्याच दोन-तीन आळ्या फिरून आलो, खूणगाठ म्हणून तो फुलीवाला गंधार धरला, आणि मास्तर खालच्या सुरांतून मला हळूच उचलून घेत राहिले. कोंडीराम मधेच असं काही वाजवून गेला की त्याला स्वतःलाच हसू आलं. त्यामुळे त्याचा सूर फुटला. लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा वेगळंच वाजलं.

तर तुझी रचना चांगली आहे. चालायची जागा थोडी लांब झालीय, तेवढी कमी कर.

तुझा,
आनंदा

*

अमेरिका
२० मार्च १९६०

चि. आनंदास,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी कपाळाला हात लावला. अरे, ती पावलं नव्हेत. चार रेघा म्हणजे चार ठोके. तेवढ्या वेळात एकाने आपल्या मनाने वाजवायचं, आणि वरची अक्षरं म्हणजे पाठीमागे कुठले सूर एकत्र वाजतायत त्याची खूण. इथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून मी लिहायलाच विसरले. आणि तुम्ही जिना उतरून गल्लीत. मी तासभर रागावले होते. मग कोंडीरामचा फुटलेला सूर डोळ्यांसमोर आला आणि इतकी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली.

वर्गात मी हा प्रकार गंमत म्हणून सांगितला. सगळे हसले. ओल्सन हसले नाहीत. ते विचारायला लागले, "चालताना कोण पुढे होतं? थांबायचं कोणी ठरवलं? कागद वर राहिले, मग पहिला सूर कोणी घेतला?" मी सांगत गेले. शेवटी म्हणाले, "तुझी रचना त्या गल्लीत सुरू झाली. वर खोलीत होती ती नुसती तयारी."

त्या दिवसापासून मी झोपलेली नाही म्हटलंस तरी चालेल. सगळं फाडून नव्याने लिहितेय. त्यात खरंच चालायचं आहे. मधोमध सगळी फुंकवाद्यं उठतात, नुसता ड्रम वाजतो, आणि ती सभागृहात लोकांमधून चालत जातात. कागद स्टँडवरच ठेवायचे. थांबतील तिथे ज्याला सुचेल त्याने सुरुवात करायची. मुलांना पटत नाही. एक ट्रोंबोनवाला म्हणतो, मी संगीत शिकायला आलो, कवायत नव्हे. त्याला तुझं पत्र इंग्रजीत सांगत वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तयार झाला.

मला स्वतःला धाकधूक एवढीच की मी पियानोवर. पियानो काही चालत नाही. मी तिथेच बसून राहणार.

नानांचं पत्र आलं होतं. "पुस्तकांची वर्गवारी कुठवर आली?" असं विचारलंय. उत्तर लिहिताना लाज वाटली. तू अजून गप्प आहेस ना?

पद्मजा

*

लालबाग
३ मे १९६०

प्रिय ताई,
नमस्कार.

महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. परवाचा दिवस तू इथे असायला हवी होतीस. घराघरावर गुढ्या, तोरणं, रस्त्यात गुलाल, लोक ओळख नसताना मिठ्या मारतायत. आमच्या गल्लीत पेढे इतके वाटले गेले की संध्याकाळी कोणाला फुंकवेना. कोट शेवटी भगवा झाला. कोणाचंच ऐकलं नाही म्हणून सगळे खूश.

पण मला तुला दुसरंच सांगायचंय आणि हात पुढे जात नाहीये.

संध्याकाळची सुपारी गिरगावची होती. मला वाटलं ठाकूरद्वाराकडे वाजवून परतू. मंडळवाले पुढे-पुढे नेत राहिले आणि बघतो तर तुमच्या चाळीचं तोंड. तुझी चाल आम्ही दिवसभरात कितीदा वाजवली असेल, लोक तीच मागत होते. चालायची जागा आली, बुधाजी ड्रम वाजवत पुढे झाला, मागून गर्दीचा रेटा, आणि तो सरळ तुमच्या अंगणात शिरला. मास्तरांनी हात वर केला. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून नानामामा उभे. शेजारी मामी.

म्हटलं, आता माघार नाही. वाजवायला लागलो. ताई, असं माझ्याकडून आजवर वाजलं नव्हतं. तुमच्या शेजारच्या शेवंतीकाकू खाली आल्या होत्या. मी श्वास घ्यायला थांबलो तशा म्हणाल्या, "गौरीची वाटते, पण गौरीची नाही. कोणाची रे ही चाल?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. हळू पण नाही, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. "आमच्या पद्मजाताईची. अमेरिकेत युनिव्हर्सिटीत हेच शिकते ती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानामामांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामींकडे, आणि ते आत गेले. दार लागलं. कोंडीराम वाजवतच होता, त्याला काय ठाऊक. आम्ही चाल पूर्ण करून निघालो.

सहा महिने पोटात राहिलं आणि शेवटी चारचौघांत सांडलं. आईने ताट वाढून पाठ फिरवली, म्हणजे किती रागावलीय बघ. काल ती गिरगावात गेली होती. नानामामा तिच्याशी हवेबद्दल बोलले.

मी काय करू ते सांग. म्हणशील तर कॉर्नेट ठेवून देतो आणि गिरगावात जाऊन पाय धरतो.

आनंदा

*

अमेरिका
१५ मे १९६०

चि. आनंदास,
अनेक आशीर्वाद.

कॉर्नेट ठेवायचं नाही. पाय धरायला मी असताना तू कशाला?

तुझं पत्र मैफलीच्या सकाळीच हातात पडलं. वाचलं. वाटलं, आता प्रवेश मिळून तरी काय उपयोग. तशीच जाऊन पियानोवर बसले.

सुरुवात नीट झाली. आत्याची चाल क्लॅरोनेटवर आली. मग चालायची जागा. एका मुलाने गळ्यात ड्रम अडकवला होता, तो पुढे निघाला, बाकीचे उठून त्याच्यामागे. लोक खुर्च्यांतून वळून बघायला लागले. दोन रांगांमधून जाऊन मागच्या भिंतीपाशी थांबायचं ठरलं होतं. पण तिथल्या रखवालदाराला वाटलं हे लोक बाहेर निघालेत. त्याने अदबीने दार उघडलं. ड्रमवाला बुधाजीचा भाऊ शोभेल, तो सरळ बाहेर. त्याच्यामागे सगळे, आणि शेवटी अंगाएवढा पितळी भोंगा घेतलेला ट्यूबावाला त्या दारात अडकला. ना आत, ना बाहेर.

ड्रम लांब गेला. मंचावर मी एकटी, समोर एवढी माणसं, स्टँडवर बारा कागद आणि माझ्या कागदावर रेघा. पाठ केलेलं एक अक्षर नव्हतं. मी आत्याची पहिली ओळ घेतली, ती संपली तरी कोणी येईना. मग दुसऱ्यांदा घेतली, ती वेगळी झाली. तिसऱ्यांदा डाव्या हातात लालबागेची पावलं ठेवली, एका घरात चार, आणि उजवा हात सोडून दिला. तो गंधार पियानोवर सापडत नाही, म्हणून शेजारचे दोन्ही सूर एकदम दाबले. पुढे काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. ट्यूबा सुटला, ड्रम परत जवळ आला, मुलं लोकांच्या मधे उभी राहून माझ्याशी बोलल्यासारखी वाजवायला लागली, आणि मी रडत होते की हसत होते ते मला कळत नव्हतं.

ओल्सन नंतर एवढंच म्हणाले, "आज कोणीतरी वाचत होतं." प्रवेश मिळाला, आनंदा.

त्याच दिवशी मी नानांना पत्र टाकलं. काही लपवलं नाही. माफी मागितली ती खोटं बोलल्याची, शिकल्याची नव्हे. लिहिलं, तुम्ही नाही म्हणालात तर मी शब्द पाळीन, परत कार्डांच्या खणांकडे जाईन. एवढं लिहायला मला रात्र पुरली नाही. आता वाट बघणं.

कोंडीरामला, बुधाजीला, मास्तरांना नमस्कार सांग. आत्याला म्हणावं, तुझं गाणं इथे तीनदा वाजलं आणि तिन्ही वेळा निराळं.

पद्मजा

*

लालबाग
२९ मे १९६०

प्रिय ताई,
नमस्कार.

प्रवेशाचं वाचून मी खोलीतून उतरून गल्लीत ओरडून आलो. मालनबाईंनी कारण न विचारता पेरू दिला. मास्तरांनी पत्राचा ट्यूबावाला भाग चारदा वाचायला लावला. म्हणतात, "पलटणीत असता तर आधी वाद्य आडवं करायचं, मग दार, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं असतं." आईने ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "तीनच येळा?"

गिरगावकडून अजून काही नाही. तुझं पत्र त्यांना मिळालं असणार, मला मिळालं त्याला चार दिवस झाले. परवा मीच चाळीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. तिथे एक माणूस पोपट विकत होता, त्याच्याशी बोलत बसलो आणि तसाच परत आलो. खरं सांगायचं तर पोपटाचं निमित्त झालं, भीतीच वाटली. पण जाईन. उद्या नक्की.

आज रविवार, तालीम आहे. मास्तर क्लॅरोनेटची पट्टी ओली करतायत, कोंडीराम यायचाय, आणि मी खिडकीतल्या पेटाऱ्यावर कागद ठेवून लिहितोय. मास्तरांनी डोक्यात घेतलंय की त्या रेघांच्या जागी आता प्रत्येकाने पाळीपाळीने एकट्याने वाजवायचं. बुधाजी म्हणतो, ड्रमला पण पाळी पाहिजे. त्यावरून सकाळपासून

थांब. जिन्यात कोणीतरी आहे. कोंडीराम असा थांबत-थांबत चढत नाही.

ताई, नानामामा आलेत.

एकटेच. दारात उभे आहेत, जिना चढून दम लागलाय. या खोलीत आजवर कोणी चपला बाहेर काढल्या नाहीत, कोळशाची धूळ असते. त्यांनी काढल्या. भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. वरच्या खिशातून तुझं निळं पत्र डोकावतंय. मास्तरांनी घाईघाईने स्टूल पुसून पुढे केलं, तर म्हणाले, "नको, मी उभाच ठीक आहे." मग माझ्याकडे वळले. आवाज नेहमीचाच, करडा.

"त्या दिवशी मी मधेच आत गेलो. शेवट ऐकायचा राहिला."

मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलंय. मी लिहिणं टाकतोय.

आनंदा